आधी दिवा, मग माणूस

विहिरीत माणूस उतरण्याआधी दिवा उतरतो, हे मला अक्षरओळख होण्याआधीपासून ठाऊक होतं. आमचं शेत मोताळ्याहून धामणगाव बढ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. विहीर आजोबांच्या काळातली, अर्धी दगडांनी बांधलेली, खालची अर्धी मुरमात तशीच सोडलेली. सहा परस खोल. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. आबा, म्हणजे माझे आजोबा, खोली फुटांत कधीच सांगत नसत. "सहा मानसं एकावर एक उभी कर, तवा वरच्याचा हात काठाले लागते," असं म्हणत. मला ती सहा माणसं दिसायची. सगळ्यांत खालचा पाण्यात बुडालेला दिसायचा. मी विहिरीला तेव्हा भीत होते आणि आजही भिते.

उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की गाळ काढायचा. त्या सकाळी आबा भर उन्हात कंदील पेटवत. काच धोतराच्या सोग्याने पुसत, वात नीट करत आणि कंदील दोराला बांधून विहिरीत सोडत. दोरावर प्रत्येक परसाला लाल चिंधीची एक गाठ असे. दोराचं शेवटचं टोक माझ्या हातात देत. खरं वजन त्यांच्याच हातात असायचं, पण मला वाटायचं की मी सोडला तर कंदील जाईल आणि त्याबरोबर मीही.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एका उन्हाळ्यात तो कंदील विझला. चौथी गाठ काठावरून गेली आणि ज्योत लहान झाली, मग निळी झाली, मग नव्हतीच. वाऱ्याने विझते तशी फडफडली नाही. कुणीतरी सावकाश गिळल्यासारखी गेली. मी किंचाळले. गाळ काढायला आलेली चार-पाच माणसं हसली. माझे बाबा तेव्हा तिशीतले, पंचा नेसून उतरायच्या तयारीत होते.

"आबा, वाऱ्यानं गेला असन," त्यांतला एक म्हणाला. "मानसं कामाले बलावली का दिवाळीले?"

आबांनी कंदील वर घेतला. "इहीर आज बंद."

माणसं निघून गेली. बाबा चिडले होते. "लोकं हासून राह्यले आपल्याले."

"हासू दे. हासाले जित्ते हायेत ना?"

मग तीन दिवस आबा आणि बाबा कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत वर-खाली हलवत होते, वरून बादल्यांनी पाणी फेकत होते. चौथ्या दिवशी कंदील तळापर्यंत जळत गेला आणि बाबा उतरले. मी काठापासून दूर उभी होते. आबांनी मागे न पाहता विचारलं, "भेव वाटते काय वं, माय?"

"हाव."

"बरं हाये," म्हणाले आणि कामाला लागले. आमच्या घरात लहान मुलांना धीर देण्याची पद्धत नव्हती.

दिव्याच्या जोडीला आबांचे आणखी काही नेम होते. दोर कमरेला नाही, दोन्ही काखांखालून बांधायचा. वर उभ्या माणसाने सारखी हाक मारायची आणि खालच्याने प्रत्येक हाकेला ओ द्यायची. दोन हाका वाया गेल्या की ओढायचं. आणि एक माणूस आत पडला तर दुसऱ्याने उतरायचं नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. हे सगळं आबा बाजार कोणत्या वारी भरतो हे सांगावं तसं सांगत. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

आबा गेले. बाबा कंदील सोडू लागले. पुढे बोअर घेतली, तिला पाणी भरपूर लागलं आणि विहिरीचं काम संपलं. तोंडावर लाकडी बल्ल्या टाकून वर टिनाचे पत्रे घातले. पत्रे वाऱ्याने सरकायचे. कडेला रचलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, पावसाळ्यात आत घसरायची. वरून लिंबाचा पाला. आठ-नऊ वर्षं हे सगळं आत पडत होतं आणि कुजत होतं.

मी एकुलती एक. लग्नानंतर काही वर्षांनी नवरा माझ्या माहेरचं शेत पाहायला इथेच राहायला आला. गावात त्याला घरजवाई म्हणतात, तोंडावरही म्हणतात, तो हसून "हाव" म्हणतो. मी तालुक्यातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवते. हे सांगायला मला आवडत नाही, पण सांगावं लागेल. सातवीच्या वर्गात मी दरवर्षी जळत्या मेणबत्तीवर काचेचा ग्लास पालथा घालते. ज्योत लहान होते, निळी होते, विझते. मी विचारते, का विझली? मुलं एका सुरात उत्तर देतात. वीस वर्षं मी हे करते आहे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये बोअर आटली. मिरचीचा एक तुकडा आणि गोठ्यातली चार जनावरं, एवढ्यापुरतं तरी पाणी हवं होतं. जुनी विहीर उघडायची ठरलं. रविवार होता, सकाळचे आठ-साडेआठ. शेजारच्या धुऱ्यावरचे, म्हणजे बांधापलीकडच्या शेतातले, दोघे भाऊ दोर ओढायला आले. आमच्याच वयाचे, रोजच्या उठबशीतले. बाबा आता अठ्ठ्याहत्तरचे. गुडघे गेलेले, एका डोळ्याला मोतीबिंदू. त्यांना आम्ही पंधरा-वीस पावलांवर लिंबाखाली खाटेवर बसवलं होतं.

"जवायाले इहिरीत उतरवते काय कोनी?" ते सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाले.

"घरच्या जवायाले उतरवते," धाकटा भाऊ म्हणाला. "पावन्या जवायाले पुरनपोळी."

नवऱ्याने बनियन घातला, काखांखालून दोर बांधून घेतला. ते मी स्वतः तपासलं. हाकेचंही त्याला माहीत होतं. राहिला दिवा. कंदील माळ्यावर कुठेतरी अडगळीत होता आणि रॉकेल आमच्याकडे मिळेनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. मी घरातून चार्जिंगची नवी बॅटरी आणली. परीक्षेच्या काळात लाइट गेली की मुलीला लागे, म्हणून घेतलेली. तिला नायलॉनच्या दोरीचा फास घातला आणि विहिरीत सोडली. थेट खालपर्यंत लख्ख उजेड पडला. कुजलेला पाला दिसला, पऱ्हाटीच्या काड्या दिसल्या, खाली काळं पाणी चमकलं.

"वहिनी, इहिरीत लगन हाये काय?" थोरला भाऊ म्हणाला. "लायटिंग करून राह्यल्या."

मी हसले. मला समाधान वाटलं होतं. आपण रीत सोडली नाही असं वाटलं होतं. चाळीस वर्षं मी मनात असं धरून चालले होते की आबा दिवा सोडायचे तो आत नीट दिसावं म्हणून. असं मी शब्दांत कधी म्हटलं नव्हतं. पण हात तसं समजून होते.

"दिवा सोडला काय वं?" लिंबाखालून बाबांनी विचारलं.

"सोडला, बाबा."

"इझला नाही ना?"

"नाही. चांगला जळून राह्यला."

"मंग उतरा."

तो उतरला. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडांवर पाय ठेवत, एकेक. दोर दोघा भावांच्या हातात, लोखंडी चाकावरून. मी काठाशी ओणवी झाले आणि हाका मारू लागले.

"अहो!"

"हो! लय घान येऊन राह्यली. जवायाचा काही मान ठेवला नाही तुमच्या इहिरीनं."

"अहो!"

"हो."

"अहो!"

यावर उत्तर यायला वेळ लागला. मला वाटलं पाय ठेवायला दगड शोधत असेल. मग आलं, पण "हो" नव्हतं, झोपेत कूस बदलताना माणूस करतो तसा आवाज होता.

त्याच वेळी मागून बाबा म्हणाले, "माय, राकेल कोठून आनलं?"

"राकेल नाही, बाबा. बॅटरी सोडली. चार्जिंगची."

बाबांचा असा आवाज निघाला जो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"बॅटरीले दम लागते काय? वर काढा त्याईले! वर काढा!"

मला कळलं. सगळं एकदम कळलं, ग्लास, मेणबत्ती, निळी ज्योत, आबांचं "इहीर आज बंद". मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. खाली पाहिलं. चौथ्या परसाच्या आसपास तो भिंतीला टेकून लोंबकळत होता, मान छातीवर, आणि त्याच्या खाली बॅटरी तशीच लख्ख जळत होती. त्या उजेडात मला त्याच्या डोक्यावरचं विरळ झालेलं केसांचं चक्र स्पष्ट दिसलं. इतकं नीट मी काहीच कधी पाहिलं नसेल.

दोघांनी दोर ओढला. दोन हात वर आला आणि अडकला. त्याचा खांदा एका पुढे आलेल्या दगडाखाली सापडला होता. आणखी ओढलं तर दोर ताणला जाई, माणूस हलेना.

धाकट्या भावाने हातातला दोर थोरल्याकडे दिला आणि चप्पल काढली. "मी सोडवून येतो. दोन मिनिटाचं काम हाये."

मी त्याला अडवलं नाही. हे मला लिहून ठेवायचं आहे. मला तो उतरायला हवा होता. कुणीही उतरलं तरी चाललं असतं. मीसुद्धा उतरले असते, माझा एक पाय काठावर होता.

बाबा खाटेवरून कसे उठले आणि तिथवर कसे आले ते मी पाहिलं नाही. काठी खाटेपाशीच राहिली होती. ते आले आणि ज्या ठिकाणाहून उतरायचं, तिथे पहिल्या दगडाच्या तोंडाशी आडवे बसले, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकून.

"सरका, काका! मरून जाईन तो!"

"माह्या अंगावरून जाय."

"अवं वहिनी, सांगा ना त्याईले!"

"बाबा, सरका," मी म्हणाले. ओरडलेच.

"एकामागं दुसरा नाही," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. "दोर ढिला सोडा. हातभर सोडा. डाव्या अंगाले झोका द्या, मंग वढा."

त्यांनी सोडला. मी थोरल्या भावाच्या मागे दोराला लागले. धाकटाही लागला. ढील दिली, झोका दिला, ओढलं. पुन्हा अडकला. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, की बुलढाण्याला कॉलेजात असलेल्या माझ्या मुलीला मी फोनवर काय सांगणार. तुझा बाप विहिरीत गेला, कारण तुझ्या आईने दिव्याऐवजी तुझी अभ्यासाची बॅटरी सोडली? हे वाक्य मनात तयार होत होतं, त्यातले शब्दसुद्धा मी नीट लावत होते. माणूस किती विचित्र असतो.

"अजून हातभर. आता," बाबा म्हणाले.

तिसऱ्या झोक्याला तो सुटला. मग आम्ही नुसते ओढत राहिलो. काखांखालून बांधलेला असल्यामुळे तो सरळ वर आला, मान पडलेली, ओठ राखेसारखे. कमरेला बांधला असता तर अर्ध्यातच वाकला असता, उलटा झाला असता, दगडाखालून कधी निघाला नसता. त्याला ढेकळांवर आडवं केलं. थोरल्या भावाने छाती दाबली, मी तोंडात हवा फुंकली. मला ते नीट येतं की नाही हे त्या क्षणी माहीत नव्हतं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्याच्या घशातून एक घाण आवाज आला आणि तो कुशीवर होऊन ओकला. इतकं चांगलं दृश्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

मोताळ्याला नेलं. नळीने ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, उतरण्याआधी आतली हवा तपासली होती का? मी "हो" म्हणाले आणि मग "नाही" म्हणाले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं विचारलं.

दुपारी उशिरा नवऱ्याने डोळे उघडले. पहिलं वाक्य बोलला ते असं, "बॅटरी खालीच राह्यली."

"राहू द्या," मी म्हणाले.

घरी आणल्यावर मी बाबांसमोर बसले. सांगण्यासारखं एकच होतं, ते सांगितलं. "चूक माझी आहे, बाबा."

ते ताटातली भाकरी मोडत होते. "तुही हायेच," म्हणाले. "माही बी हाये. म्या तुले दिवा सोडाले लावला. काऊन सोडते, हे कधी सांगतलं नाही."

"तुम्हाला आबांनी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"एकडाव अर्ध्यात असताना वरचा कंदील म्या मांगून घेतला, जवळ धराले. तो माह्या हातात बारीक झाला. माहं डोकं जड झालतं. तवा समजलं. आबा वरून शिव्या देत होते, मले अजून आठोते."

"आणि आबांना कुणी शिकवलं?"

बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "मले ठावं नाही, माय. इचारलं नाही."

मी त्यावर पुष्कळदा विचार केला आहे. दिवा, काखांखालचा दोर, हाक, एकामागे दुसरा नाही. इतकं नेमकं कुणी घरी बसून ठरवत नाही. प्रत्येक नेमाच्या मागे कुणीतरी असणार जो वर आला नाही, आणि एकामागे दुसरा नाही याच्या मागे तर किमान दोघं. ते आमच्या घरातले होते की दुसऱ्या कुणाच्या, हे आता कळणार नाही. आबांना ठाऊक असेल, किंवा त्यांनाही फक्त नेम मिळाला असेल. मला त्या माणसांची नावं माहीत नाहीत. माझा नवरा जिवंत आहे तो त्यांच्यामुळे, आणि एका म्हाताऱ्यामुळे ज्याने सख्ख्या मुलीच्या ओरडण्याकडे लक्ष दिलं नाही. बाबांचे मी आभार मानलेले नाहीत. आमच्यात तसं कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं असतं तर त्यांनी "काय झालं वं तुले?" असं विचारलं असतं. मी त्यांच्या गुडघ्यांना महिनाभर तेल लावलं. त्या वीस पावलांनी ते पार सुजले होते.

विहीर सोडता येत नव्हती. पाणी लागतच होतं. दहा-बारा दिवसांनी बाबांनी माळ्यावरून कंदील काढायला लावला. रॉकेल नव्हतं आणि आमचं स्वयंपाकाचं तेल कंदिलाच्या वातीवर चढेना. मग उघड्या डब्याच्या तळाशी वाळू भरली, त्यात तेलाची पणती बसवली आणि डब्याला तीन तारा लावून तो दोराला बांधला. दोर आबांसारखा. चिंध्यांच्या गाठी मी मारल्या, माझ्या एका लाल ब्लाउजच्या. पहिल्या दिवशी पणती तिसऱ्या गाठीला विझली. त्या जागेच्या वर, खूप वर, आम्ही त्या रविवारी हसत उभे होतो.

कडुलिंबाचा भारा, पाणी, पुन्हा भारा. दुसऱ्या दिवशी चौथी गाठ. आम्ही काटेरी आकड्याने कुजलेली पऱ्हाटी वरूनच ओढून काढली. धांदलीत हातून दोरीसकट सुटलेली बॅटरीही त्यातच वर आली, विझलेली. थोरल्या भावाने ती पुसून मला दिली आणि यावेळी काही विनोद केला नाही. पाचव्या दिवशी पणती तळाला पोहोचली आणि जळत राहिली. बाबांनी ती अर्धा तास तिथेच ठेवायला लावली. त्यांना दिसत नव्हती, म्हणून दर थोड्या वेळाने विचारत, "हाये?" मी पाहून सांगत होते, "हाये."

"आता मी उतरतो," नवरा म्हणाला.

मला नको म्हणायचं होतं. पैसे देऊन गाळ काढणारी माणसं मिळतात, पण ज्याच्या तोंडात मी हवा फुंकली त्याला वर ठेवून दुसऱ्याच्या नवऱ्याला आत घालायचं, हेही मला जमलं नाही. मी त्याच्या काखांखालची गाठ पुन्हा तपासली.

बाबांनी खाट विहिरीच्या अगदी काठाशी लावून घेतली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "भेव वाटते काय वं, माय?"

"हाव."

"बरं हाये. हाका मार."

तो पहिल्या दगडावर उतरला. एका हाताने भिंत, एका हातात पणतीच्या डब्याचा दोर, छातीच्या खाली हातभर. ती स्वतःपुढे ठेवूनच उतरायचं, असं बाबांनी बजावलं होतं.

"अहो!"

"हो."

"अहो!"

"हो."

पणतीच्या दोराचं वरचं टोक माझ्या हातातून सरकत होतं. पहिली गाठ. दुसरी. तिसरी. चौथ्या गाठीला माझा आवाज निघाला नाही आणि बाबांनी माझ्याऐवजी हाक मारली, "जवाईबापू!"

"हो!"

"पनती हाये?"

"हाये, बाबा."

तो तळाला टेकला. पाण्याचा आवाज आला, टोपलं आपटल्याचा आवाज आला. मी हाक मारली, मग लगेच पुन्हा मारली.

"अवं, हो म्हनतो ना!" खालून तो ओरडला. "गाळ काढू देते का नुसतं हो-हो करून घेते? घसा बसला माहा!"

धाकटा भाऊ हसला. बाबाही थोडे हसले. मी हसले नाही. मी पोटावर पडून काठावरून खाली पाहत होते. ज्योत लहान होती, पिवळी होती, स्थिर होती.

"अहो!" मी म्हणाले.